न लागलेला लाल दिवा

१

टेस्टर चोर आहे, असं मला माझ्याच गॅरेजमध्ये, माझ्याच खुर्चीत बसून ऐकावं लागलं. तेही दोनदा. एकदा डायलिसिस सेंटरच्या सिस्टरकडून आणि दुसऱ्यांदा त्याच्या होणाऱ्या सासऱ्याकडून.

टेस्टर म्हणजे आमचा इलेक्ट्रिशियन. लोक खिशाला पेन लावतात तसा हा टेस्टर लावून हिंडतो, म्हणून ते नाव पडलं आणि चिकटलं. तिशीतला माणूस, कामाला वाघ, पण तोंडात तीळ भिजत नाही असं म्हणावं तर ते उलटंच! याच्या तोंडातून शब्द काढायचा म्हणजे गंजलेला नटबोल्ट काढण्यासारखं आहे. समोर कुणी चोर म्हणालं तरी हा हातातल्या वायरीकडे बघत उभा.

झालं होतं असं. सेंटरची एक व्हॅन आहे. पेशंटना घरून आणायचं, डायलिसिस झालं की परत सोडायचं, एवढंच तिचं काम. तिचा डायनामो किंचाळायला लागला होता. कागदावर आम्ही अल्टरनेटर लिहितो, पण गॅरेजमध्ये सगळे डायनामोच म्हणतात. इंजिन चालू असताना तो फिरत राहतो आणि बॅटरी भरत राहतो. तो बिघडला, की गाडी बॅटरीत जे साठलंय त्यावर थोडीफार चालते आणि मग मधेच कुठेतरी मान टाकते.

टेस्टरने जुना डायनामो काढला, नवा कोरा बसवला. गाडी खुशीत गेली. आणि थोड्याच दिवसांत, संध्याकाळच्या भर रहदारीत, तिने मान टाकली. आत कोण? तर डायलिसिस करून गळून गेलेल्या एक आजी. आधी हेडलाइट मंद झाले, मग हॉर्नचा आवाज बसला, मग सगळंच थंड. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून जीव नकोसा केला. दुसरी गाडी येईपर्यंत आजी अंधारात बसून होत्या.

"नवा म्हणून जुन्याला रंग मारून बसवलाय," सिस्टर म्हणाल्या. "याला कामावरून काढा. नाहीतर सेंटरची एकही गाडी तुमच्या दारात येणार नाही."

त्यांच्यामागे ड्रायव्हरकाका उभे होते. रागाने लालबुंद.

"ताई, मी याला मुलगी द्यायला निघालो होतो," ते म्हणाले. "लग्नाची बोलणी अर्ध्यावर आली होती. आता नाही द्यायची. ज्याने माझ्या गाडीशी बेइमानी केली, तो माझ्या लेकीशी काय करेल?"

मी टेस्टरकडे पाहिलं. आता तरी बोल रे बाबा! त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"डायनामो नवाच होता," एवढंच तो म्हणाला.

"कळेल की," मी म्हणाले आणि फोरमनला हाक मारली. टेस्टरला मी त्या गाडीपासून लांब राहायला सांगितलं. सिस्टरची तशी अटच होती.

फोरमनने डायनामो उतरवला आणि आमच्या टेबलावर चढवला. आमच्याकडे एक जुनं लोखंडी टेबल आहे. त्यावर मोटर बसवलेली, एक बॅटरी, एक मीटर आणि वायरीला जोडलेला एक पिवळट बल्ब. डायनामो जोडला, की बल्ब पेटतो. मोटर चालू केली, की बल्ब विझतो आणि मीटरचा काटा चौदाच्या वर जातो. तसंच झालं. डायनामो ठणठणीत होता.

पुन्हा गाडीत बसवला. काटा बाराच्या आसपास, हलायचं नाव नाही.

फोरमनने डोकं खाजवलं आणि दुकानातून दुसरा डायनामो मागवला. खोक्याचं सील माझ्यासमोर फोडलं. टेबलावर ठणठणीत, गाडीत मढं. मग बॅटरी बदलली. तेच.

आता मात्र मीही कपाळाला हात लावला.

२

माझी आत्या रोज गॅरेजमध्ये येते. तिची सगळी नोकरी विमा कंपनीत गेली, अपघाताच्या गाड्या तपासण्यात. ठोकलेल्या गाड्यांपेक्षा तिने ठोकलेल्या थापाच जास्त तपासल्या, असं ती स्वतःच सांगते. निवृत्त झाल्यावर घरी करमेना, म्हणून माझ्या केबिनमध्ये स्टूल टाकून बसते, माझा चहा पिते आणि माझ्या चुका काढते.

"डायनामोतलं मला काही कळत नाही," ती म्हणाली. "माणसांना विचारू?"

"विचार. मी हात टेकलेत."

"आधी टेस्टरला बोलव."

टेस्टर आला, दारातच उभा राहिला.

"बसवलास त्या दिवशी मीटर लावला होतास?" आत्याने विचारलं.

"हो. चौदाच्या वर होता. काका आत बसले होते, मी बॉनेटपाशी."

"तू आत नाही बसलास?"

"सिस्टर बसू देत नाहीत."

हे खरं होतं. सिस्टरचा तो कायदा आहे. पेशंटची गाडी, स्वच्छ ठेवायची, ग्रीसचे हात आणि तेलकट कपडे आत नकोत. सीटवर पांढरीशुभ्र कापडं. त्यामुळे ती व्हॅन आली, की चावी फिरवणार ड्रायव्हरकाका आणि आम्ही सगळे बाहेर बॉनेटपाशी. मला या प्रकाराचा राग येतो, पण पेशंटच्या आजारपणापुढे माझा राग काय कामाचा?

"म्हणजे पहिल्या दिवशी गाडी चार्ज होत होती," आत्या म्हणाली. "मग चूक बसवण्यात नाही. बसवल्यानंतर काहीतरी झालंय."

टेस्टरने पहिल्यांदा मान वर केली. कुणीतरी त्याच्या बाजूने बोललं याचं त्याला इतकं नवल वाटलं, की मलाच लाज वाटली.

सिस्टर बाहेर बाकावर बसून होत्या. आत्या त्यांच्या शेजारी जाऊन बसली आणि गोड आवाजात चौकशी सुरू केली. हा तिचा गोड आवाज मी लहानपणापासून ओळखून आहे. त्यानंतर कुणाचं तरी पितळ उघडं पडतं.

"गाडीत काही नवीन लावलंत का हो, अलीकडे?"

"रक्ताच्या नमुन्यांची बर्फपेटी असते, गाडीच्या विजेवर चालते, पण ती जुनीच आहे. फोरमननी तीही काढून बघितली. काही फरक नाही."

"आणि गाडी रात्री कुठे असते?"

"सेंटरच्या आवारात. कुलूप असतं. चावी काकांकडे. बॉनेट उघडायची दांडीसुद्धा आतच आहे, म्हणजे बाहेरच्या कुणाचं काम नाही. तुमच्याच माणसाचं आहे."

"त्या संध्याकाळी गाडी बंद पडायच्या आधी काही इशारा? तो लाल बॅटरीचा दिवा असतो ना समोर?"

"काहीही नाही. मी मधल्या सीटवर बसते, मला समोरचं सगळं दिसतं. लाल दिवा एकदाही लागला नाही. लागला असता तर आम्ही निघालोच नसतो."

आत्याने मान डोलावली, उठली आणि थेट व्हॅनच्या उघड्या बॉनेटपाशी गेली. चष्मा नाकावर घेऊन बराच वेळ आत डोकावत राहिली, मग लांब उभ्या असलेल्या टेस्टरला जाऊन काहीतरी विचारून आली.

"इकडे ये," तिने मला हाक मारली.

डायनामोकडे दोन वायरी जातात. एक जाड, बॅटरीची. दुसरी बारीक, गाडीच्या आत कुठेतरी जाणारी. त्या बारीक वायरीवर मधोमध काळी टेप गुंडाळली होती. बाकी सगळं धुळीने माखलेलं आणि टेप मात्र नवी कोरी.

"ही टेस्टरने लावलेली नाही," आत्या म्हणाली. "मी विचारलंय त्याला."

३

फोरमन आमच्याकडचा सगळ्यात जुना माणूस. इंजिनातलं त्याला जेवढं कळतं तेवढं डॉक्टरला माणसातलं कळत नसेल. पण वीज म्हटली की त्याची गाडी घसरते. त्यात टेस्टर आल्यापासून गिऱ्हाईकं आधी टेस्टरला शोधतात, हे त्याला सलतं. मला हे माहीत होतं, म्हणून टेप बघून मी तडक त्याच्याकडेच गेले.

"ही टेप कुणाची?" मी सरळ विचारलं. आत्यासारखं गोड बोलणं मला जमत नाही.

"माझी."

"कधी लावलीत?"

"परत आली तेव्हा. मी डायनामो उतरवताना पाना निसटला, वायरीचं कातडं सोललं गेलं. म्हणून गुंडाळली." त्याने माझ्याकडे रोखून पाहिलं. "ताई, मी वायर कापली असं वाटतं तुम्हाला?"

"मला काही वाटत नाही. मी विचारतेय."

"कापायची असती तर टेप कशाला लावली असती?" फोरमनने टेप भराभरा सोडली. आत तांब्याची तार अखंड होती. फक्त वरचं आवरण खरवडलेलं. "मला तो पोरगा आवडत नाही, हे खरंय. दिवसभर एक शब्द बोलत नाही, त्याच्याबरोबर काम करायचं म्हणजे भिंतीबरोबर काम करायचं. पण त्याचं काम चोख आहे. मी त्याचं लग्न कशाला मोडू?"

तो पाय आपटत निघून गेला. मला ते लागलं. उगाच संशय घेतला मी.

"खरं बोलतोय," आत्या म्हणाली. "गाडी रस्त्यात बंद पडली तेव्हा ही टेप नव्हतीच. बंद पडायचं कारण त्याच्या आधीचं आहे."

"मग आता?"

"आता गाडीत जी बसली होती तिला भेटायचं."

"अगं, आजींना डायनामोतलं काय कळणार?"

"मला तरी कुठे कळतंय?" आत्याने पर्स उचलली.

४

आजी दुसऱ्या मजल्यावर राहत होत्या, बहिणीबरोबर. खिडकीपाशी खुर्ची, मांडीवर शाल, एका हाताला सुयांच्या जागी पट्ट्या. आम्ही कशाला आलोय हे ऐकल्यावर त्या आमच्यावर रागावतील म्हणून मी घाबरतच बसले होते. त्या उलट हसल्या.

"अंधारात बसायला मला काय होतंय? पण बिचारे ड्रायव्हर! सारखे मागे वळून विचारत होते, आजी बऱ्या आहात ना, आजी पाणी देऊ का. त्यांचाच जीव कासावीस झाला होता."

"चांगले आहेत का ते?" आत्याने विचारलं.

"चांगले? पोटच्या पोरासारखं करतात. आता हेच बघा. माझी बहीण पाहिलीत ना, माझी गाडी यायची वेळ झाली की ही जिना उतरून फाटकापाशी येऊन उभी राहते. हिचे गुडघे दुखतात. मी गाडीतून फोन केला की मगच उतर, असं आमचं ठरलंय. पण फोन कधी करायचा ते मला कळायला नको? हाताला सुया टोचलेल्या, घड्याळाचा पट्टा सोसत नाही, आणि मोबाईलवरचे बारीक आकडे मला दिसत नाहीत. सारखी विचारत बसते, किती वाजले, किती वाजले. ड्रायव्हर कंटाळायचे नाहीत, मलाच लाज वाटायची."

"मग?"

"मग काय, एका संध्याकाळी मी रडकुंडीला आले. फोन करायची राहिले आणि ही बाई काळजीने आपणच उतरून तासभर फाटकापाशी तिष्ठत उभी. दुसऱ्या खेपेला गाडीत बसते तो काय, समोरच्या घड्याळात उजेड! आधी काळं ठिक्कर असायचं हो ते. आता अंधारातही आकडे दिसतात. म्हटलं, ड्रायव्हर, सेंटरने बरी सोय केली. तर म्हणाले, सेंटर कसलं करतंय, मीच केली."

आजीच्या बहिणीने मागून पुस्ती जोडली, "खूप गुणी माणूस. त्याची मुलगी ज्यांच्या घरी जाईल ते भाग्यवान."

मी चहाच्या कपात बघत राहिले. आत्याने मात्र कप खाली ठेवला.

"हे घड्याळ दिसायला लागलं ते कधी हो? गाडी गॅरेजमध्ये जाऊन आली, त्याच्या आधी की नंतर?"

"नंतरच. आधी तो किंचाळण्याचा आवाज यायचा ना, तो बंद झाला होता. मी म्हटलंसुद्धा, आवाज गेला आणि उजेड आला, गाडी कशी नव्यासारखी झाली."

जिना उतरताना आत्या माझ्या पुढे होती. शेवटच्या पायरीवर थांबली.

"तू तुझ्या गाडीत बसून चावी फिरवतेस, तेव्हा इंजिन चालू व्हायच्या आधी काय दिसतं?"

"काय दिसणार? सगळे दिवे लागतात. मग इंजिन चालू झालं की विझतात."

"लाल बॅटरीचासुद्धा?"

"हो, तो तर... " आणि मी तिथेच थबकले. सिस्टर म्हणाल्या होत्या, एकदाही लागला नाही.

५

परत आलो तेव्हा गॅरेजमध्ये वेगळाच तमाशा चालला होता. ड्रायव्हरकाकांची लेक आली होती. ती कपडे शिवण्याच्या दुकानात कापणीचं काम करते आणि तिच्या बोलण्यातही कात्रीच आहे.

"बाबा, 'हा मुलगा बघ, कामाचा आहे,' असं मला कोण म्हणालं? तुम्हीच ना? मी नको म्हणत होते. जो माणूस चहा घेणार का विचारलं तरी नुसती मान हलवतो, त्याच्याबरोबर आयुष्य काढायचं कसं, असं मी म्हणत होते. तेव्हा तुम्ही त्याची इतकी भलामण केलीत, की मला तो आवडायला लागला. आता मला आवडला, तर तुम्ही उलटे फिरलात!"

टेस्टर कोपऱ्यात उभा होता. 'मला आवडला' हे ऐकून त्याच्या हातातला पाना खाली पडला.

"तू गप्प बस," काका म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. "माझी चूक झाली माणूस ओळखण्यात."

"काका," आत्या म्हणाली, "दोन गोष्टी विचारू? मग तुम्ही काय म्हणाल ते."

काका बाकावर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"किती वर्षं गाडी चालवताय?"

"हिचा जन्म व्हायच्या आधीपासून."

"मग तुमचं लक्ष असणारच. त्या दिवशी लाल दिवा लागला का हो, बॅटरीचा?"

"नाही लागला."

"चावी फिरवल्यावर? इंजिन चालू व्हायच्या आधी?"

काकांनी टोपी गोल फिरवली. "लागला असेल. नाही लक्ष गेलं."

इतकी वर्षं गाडी चालवणारा माणूस, टायरमधली हवा पायाला कळते म्हणणारा, आणि म्हणे लक्ष नाही गेलं! मी तोंड उघडणार होते, आत्याने माझा हात दाबला.

"आजी तुमचं फार कौतुक करत होत्या," ती म्हणाली. "घड्याळाचं."

काकांच्या हातातली टोपी थांबली. त्यांनी लेकीकडे पाहिलं नाही, टेस्टरकडे तर नाहीच.

"त्याचा आणि याचा काय संबंध?" ते पुटपुटले.

"तेच मला माहीत नाही," आत्या म्हणाली. "पण इथे एकाला माहीत असणार. टेस्टर, इकडे ये. समज, चावी फिरवल्यावर तो लाल दिवा लागलाच नाही. दिव्याचा बल्बच तिथे नाही. तर काय होईल?"

टेस्टर पुढे आला. कपाळाला आठ्या पडल्या होत्या. आधी तो व्हॅनकडे बघत राहिला, मग टेबलाकडे, त्यावरच्या पिवळट बल्बकडे. आणि त्याच्या आठ्या एकदम उलगडल्या.

"अरे!" तो म्हणाला. "अरेच्चा!"

त्याच्या तोंडून इतक्या मोठ्याने निघालेला तो पहिलाच शब्द मी ऐकला.

६

"काका, चावी फिरवा," टेस्टर म्हणाला.

मी सिस्टरच्या अटीचा विचार केला आणि तो विचार गुंडाळून ठेवला. त्याने गाडीला हात लावू नये तर काय मी लावू?

काका निमूटपणे व्हॅनमध्ये बसले. इंजिन सुरू झालं. टेस्टरने मीटर लावला. काटा बाराशी. मग त्याने खोक्यातून दोन वायरींचा एक साधा बल्ब काढला. एक वायर बॅटरीच्या टोकाला लावली. दुसरी डायनामोच्या त्या बारीक वायरीच्या जागी टेकवली.

बल्ब क्षणभर भगभगला आणि विझला. काटा उचलला गेला तो चौदाच्या पुढे जाऊन थांबला. इंजिनाचा आवाज किंचित जड झाला, ओझं उचलल्यावर माणसाचा होतो तसा.

"झालं?" फोरमनने विचारलं. तो कधी जवळ आला कुणास ठाऊक. "एवढ्याने?"

"एवढ्यानेच." मग टेस्टर बोलायला लागला, आणि काय सांगू, थांबेचना! "डायनामो नुसता फिरून वीज तयार करत नाही. आधी त्याला थोडीशी वीज बाहेरून द्यावी लागते, म्हणजे आतलं चुंबक जागं होतं. या जुन्या गाड्यांत ती वीज त्या लाल दिव्यातून येते. चावी फिरवली, की बॅटरीतून दिव्यात, दिव्यातून या बारीक वायरीने डायनामोत. डायनामो जागा झाला की दिवा विझतो. लोकांना वाटतं तो दिवा नुसता खबर देतो. तो खबर देतो तसा रस्ताही तोच आहे. दिवा नाही तर रस्ता बंद. टेबलावर बल्ब जोडलेला आहे, म्हणून तिथे चालत होता. फोरमन, डायनामो कितीही बदलले असते तरी..."

"कळलं, कळलं," फोरमन म्हणाला. "आमच्यावर घसरू नकोस." पण त्याने टेस्टरच्या पाठीवर थाप मारली.

सिस्टर केव्हाच्या येऊन उभ्या होत्या. "पण बल्ब गेला कुठे?" त्यांनी विचारलं.

आत्याने ते सांगून टाकलं असतं तर मला चाललं असतं, माझा धीर सुटत चालला होता. पण ती काकांकडे बघत शांतपणे उभी राहिली.

"गाडीत आत काय झालं ते आतल्या माणसालाच ठाऊक," ती हळूच म्हणाली. "आमची माणसं तर आत गेलीच नाहीत. काळं पडलेलं घड्याळ उजळलं आणि लागणारा लाल दिवा लागायचा बंद झाला. दोन्ही एकाच संध्याकाळी."

काका गाडीतून खाली उतरले. दाराला धरून उभे राहिले.

"मी काढला," ते म्हणाले. "घड्याळाचा बल्ब गेला होता. त्या दिवशी आजी रडल्या. दुकानं बंद झाली होती. म्हटलं, इथलाच एखादा काढून लावू. दोन्ही बल्ब सारखेच, फिरवला की निघतो."

"बाबा!" लेक म्हणाली. "आणि चोर म्हणालात याला?"

"मला कुठे ठाऊक होतं गं, त्या बल्बामुळे हे झालं! मला वाटत होतं, दिवा असता तर मला आधी कळलं असतं, आजी अडकल्या नसत्या. तेवढाच माझा गुन्हा. तो लपवत होतो. लाज वाटत होती. पण डायनामो याने वाईट बसवला, असंच वाटत होतं."

"पण इतके दिवे होते," सिस्टर म्हणाल्या. "तेलाचा, ब्रेकचा, हेडलाइटचा. नेमका बॅटरीचाच का काढलात?"

काकांनी वर पाहिलं. पहिल्यांदाच ते टेस्टरकडे बघत होते.

"कारण डायनामो याने बसवला होता," ते म्हणाले. "तेलाचं मी सांगू शकत नाही, ब्रेकचं सांगू शकत नाही. कधी काय होईल? पण हा डायनामो याने बसवलाय, म्हटलं, तो काही बिघडत नाही. म्हणजे तो दिवा आता काही लागायचा नाही. मग तो तिथे रिकामा बसून काय करणार? सगळ्या गाडीत मला तेवढ्या एकाच गोष्टीची खात्री होती. म्हणून तर गाडी बंद पडली तेव्हा एवढा भडकलो."

लेकीने ओढणीने डोळे पुसले आणि बापावर रागावायचं राहूनच गेलं.

टेस्टर गेला, खणातून एक बारीक बल्ब घेऊन आला. व्हॅनच्या दारापाशी आला आणि सवयीने थबकला. आत पांढरी कापडं, याचे कपडे ग्रीसने बरबटलेले. त्याने बल्ब काकांपुढे धरला.

"तुम्ही लावा," तो म्हणाला. "घड्याळाचा आहे तिथेच राहू द्या. आजींना लागतो. हा बॅटरीच्या जागी."

काकांनी बल्ब घेतला नाही. खांद्यावरचा टॉवेल काढला, झटकला आणि ड्रायव्हरच्या सीटवरच्या पांढऱ्या कापडावर नीट अंथरला. सिस्टरनी ते पाहिलं आणि अडवलं नाही.

"बस आत," काका म्हणाले. "तूच लाव. आणि चावीही तूच फिरव."

टेस्टर अंग चोरून बसला. खटखट करून त्याने समोरची फळी उचलली, बल्ब बसवला, फळी दाबली. चावी फिरवली. लाल दिवा लागला. आम्ही सगळे, फोरमनसुद्धा, दारात गर्दी करून तो बघत होतो. इंजिन सुरू झालं आणि दिवा विझला.

"लागला होता ना?" काकांनी बाहेरून विचारलं. त्यांना गर्दीतून दिसलं नव्हतं.

"लागला होता, बाबा," टेस्टर म्हणाला.

काका म्हणायचा तो त्यांना आजवर. लेकीच्या ते आधी लक्षात आलं, आणि मग काकांच्या.